जूनमध्येच पेपर सांगणारे सर

लातूरमध्ये एक जागृत दैवत आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेआधी महिनाभर तिथे पोरांची रांग लागते. त्याला सगळं कळतं, न विचारता कळतं, असं रांगेतले पालक सांगतात. मी त्या दैवतासोबत नांदेडला बरीच वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आहे. त्याला कारळाची चटणी आवडायची, आणि ती स्वतःच्या शर्टावर सांडली तरी दुसऱ्याने सांगितल्याशिवाय कळायची नाही.

सर आमच्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत. शाळा एका खाजगी शिक्षणसंस्थेची. मी भूगोल शिकवायचो. सरांचे वडील भोकरकडचे शेतमजूर. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर त्यांनी घरातले देव टोपलीत घातले, नांदेडला आणले आणि गोदावरीत सोडले. तेव्हापासून आमच्या घरात ती जागा रिकामी आहे, तिथे मी पुस्तकं ठेवतो, असं सर सांगत. संस्कृत का घेतलं, असं कुणी जरा विशेष कुतूहलाने विचारलं, तर म्हणत, "देव नेऊन सोडले. भाषेने काय केलं होतं?"

स्टाफरूममध्ये त्यांचा कप वेगळा असे, खिडकीत पालथा ठेवलेला. नवा आलेला शिक्षक तो कप बघायचा, मग सरांकडे बघायचा, आणि खजील व्हायचा. सर त्याला धीर देत. "घाबरू नका. कप मी वेगळा ठेवलाय. तुम्ही लोक नीट विसळत नाही."

कविता करत, जुन्या वृत्तांत. छापायला कधी दिल्या नाहीत. एकदा कुणी मंत्री येणार म्हणून संस्थेने त्यांना स्वागतपद्य करायला सांगितलं. सरांनी केलं. निर्दोष वृत्त, गोड चाल, पोरींनी पेटीवर सुरेख म्हटलं. शेवटच्या कडव्यापाशी आमच्या लक्षात आलं, की पूर्ण पद्यात मंत्र्यांचा उल्लेखच नाही, ते ज्या खुर्चीवर बसणार होते तिचीच स्तुती आहे. मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांच्या दोन सवयी मात्र इथे नीट सांगितल्या पाहिजेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यातून झालं.

पहिली सवय थांबण्याची. शिकवताना सर वाक्याच्या मध्येच थांबत. डाव्या हाताने चष्म्याची दांडी धरायची, नजर खिडकीबाहेर, आणि शांत. शब्द शोधत असत, की शब्द मिळाला होता आणि तो वर्गाला द्यावा की नाही असा विचार चालू असे, ते सांगता येणार नाही. पोरं तेवढ्यात गणितं सोडवून घेत. मग सर जिथे थांबले तिथूनच पुढे बोलत, जणू मध्ये काही गेलंच नाही. कोटाच्या खिशात वाळलेली बकुळीची फुलं असत. थांबले की त्यांचा वास वर्गभर पसरतो, असं पोरं म्हणत. वास आधीपासूनच असणार, थांबल्यावर लक्ष जात असणार.

दुसरी सवय पेपर सांगण्याची. जूनमध्ये, शाळा सुरू झाल्याच्या पहिल्याच तासाला ते म्हणत, "लिहून घ्या." आणि पूर्वपरीक्षेत विचारायचे पाच प्रश्न सांगून टाकत. "हेच विचारीन. तरी येणार नाही." जानेवारीत तेच पाच प्रश्न येत. आणि खरोखरच बहुतेकांना येत नसत, कारण प्रश्न असे असत की उत्तर पुस्तकात कुठेही सापडायचं नाही. एक प्रश्न मला आठवतो. हरलेल्या माणसाचं वर्णन करताना कवी शब्द जपून का वापरतो? जूनपासून जानेवारीपर्यंत विचार करायला लागेल असाच तो आहे. मी अजून करतो आहे.

लातूर नवा जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. नव्या जिल्ह्यात सगळं नवं येत होतं. कचेऱ्या, पाट्या, लाल दिव्याच्या गाड्या. पाणी तेवढं आलं नव्हतं. आमच्या संस्थेनेही तिथे नवी शाखा काढली. संस्थेचे सचिव लातूरचेच, आडत दुकानवाले. सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांचे जावई आमच्याच शाळेत गणित शिकवायचे. नांदेडचे मुख्याध्यापक त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, आणि सेवाज्येष्ठतेने ती खुर्ची सरांची होती. त्यांच्यानंतर जावयांचा नंबर.

मार्चमध्ये सरांवर आरोप झाला. पूर्वपरीक्षेचा पेपर फोडला.

आम्ही स्टाफरूममध्ये हसलो. मग लक्षात आलं, की आरोप खोटा म्हणता येत नाही. पेपर त्यांनी फोडलाच होता, दरवर्षी फोडत होते, वर्गभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात फोडत होते. एका पोराच्या वहीत जूनच्या तारखेखाली पाचही प्रश्न सुवाच्य अक्षरात सापडले. चौकशी समिती नेमली गेली. चौकशी चालू असताना बढती देता येत नाही असा नियम निघाला. जावई मुख्याध्यापक झाले, आणि सरांची प्रशासकीय कारणास्तव लातूरला बदली झाली.

निरोपसमारंभ जूनमध्ये झाला. आभाळ कोरं होतं. शाळेच्या आवारातली बकुळ पानं टाकत होती. सर हात धुतलेलं पाणीही तिच्या मुळाशी नेऊन ओतत, पण एका माणसाच्या हातांना लागून लागून किती पाणी लागणार? शाल झाली, श्रीफळ झालं. पंखा बंद पडला होता. आम्ही सगळे वह्यांनी वारा घेत होतो आणि अप्पा मधोमध बसले होते. सर बोलायला उठले आणि त्यांनी जपानची गोष्ट सांगितली.

बौद्ध देशांची माहिती देणारं कुठलंसं जुनं मासिक त्यांनी वाचलं होतं. त्यात होती म्हणाले. हजारेक वर्षांपूर्वी जपानात एक पंडित होता. मोठा कवी. घराणं फार वरचं नव्हतं, पण विद्येच्या जोरावर तो दरबारात अगदी वर जाऊन बसला. वरच्या घराण्यातल्या प्रधानाला ते सोसलं नाही. त्याने बालंट आणलं, आणि राजाने पंडिताची दूरच्या मुलखात बदली केली. तिथे तो झुरून मेला. मग राजधानीत दुष्काळ पडला, माणसं मरायला लागली, आणि एक दिवस भर सभेवर वीज कोसळली. राजा घाबरला. त्याने आधी पंडितावरचा आरोप पुसला, बदलीचा हुकूम जाळला. मग त्याला त्याचा हुद्दा परत दिला, वर बढती दिली. मग देऊळ बांधलं. आज तो तिथे विद्येचा देव आहे, आणि पोरं परीक्षेआधी त्याच्या पाया पडतात.

"मेल्यावर बढती मिळालेला तेवढाच कर्मचारी माझ्या माहितीत आहे," सर म्हणाले. आम्ही हसलो. अप्पाही हसले. मग त्यांनी विचारलं, "आन् त्या प्रधानाचं काय झालं मग?"

सर थांबले. चष्म्याची दांडी धरून बाहेर बघत राहिले. वह्यांचे आवाजही बंद झाले.

"आधी त्याची माणसं गेली," ते म्हणाले. "मग तो. पण ते जपानात, अप्पा. आपल्याकडे एवढा न्याय नसतो."

ती धमकी होती, की विनोद, की नुसती माहिती, यावर पुढे आमच्यात पुष्कळ वाद झाले. मला विचाराल तर ती माहिती होती. सर माहिती फार प्रामाणिकपणे देत.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांना जाणं शक्य नव्हतं. सर एकटे लातूरला गेले, खोली घेऊन राहिले. सुटीच्या दिवशी एसटीने येत. कपडे पांढऱ्या धुळीने भरलेले. तिकडे कसं काय, असं मी विचारलं की म्हणत, चांगलं आहे, टँकरच्या रांगेत कविता सुचतात, फक्त नंबर आला की विसरतात.

फेब्रुवारीत ते गेले. वर्गात गेले. दुपारी दुसऱ्या तासाला शिकवत होते, खुर्चीवर बसून. वाक्याच्या मध्ये थांबले. हात चष्म्याच्या दांडीवर, कोपर टेबलावर, नजर खिडकीकडे. वर्ग वाट बघत बसला. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही, कारण वाक्य संपलं नव्हतं. पुढच्या तासाचे शिक्षक आले, दारात उभे राहिले, आणि तेही थोडा वेळ थांबले.

ते वाक्य काय होतं, हे मी त्या वर्गातल्या पोरांना नंतर विचारलं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं.

त्या खुर्चीवर पुढे कुणी बसेना. शिक्षक उभ्याने शिकवू लागले. मार्चमध्ये एका पोरीने जाता जाता त्या खुर्चीवर आपलं हॉल तिकीट टेकवलं, आणि मग सगळ्यांनीच टेकवलं. निकाल चांगला लागला. नव्या शाखेत तरुण, तळमळीचे शिक्षक होते, हे कारण कुणाला पुरेसं वाटलं नाही.

मे महिन्यात संस्थेची बैठक लातूरला झाली. वसतिगृहाला पाणी कुठून आणायचं, हा विषय. मी नांदेडच्या शिक्षकांतर्फे हजर होतो. दुपारची वेळ. पश्चिमेला हाताएवढा ढग होता, बाकी आभाळ तापलेल्या तव्यासारखं. अप्पा टँकरबद्दल बोलत होते. जावई दारात लोखंडी कठड्याला टेकून उभे होते. आवाज झाला तो मी आयुष्यात पुन्हा ऐकलेला नाही. समोरच्या पाण्याच्या रिकाम्या टाकीवर वीज पडली, पांढरा उजेड खोलीतून आरपार गेला, आणि जावई खाली बसले. नंतर एक थेंबही पडला नाही. उन्हाळ्यात अशी कोरडी वीज पडते. ढग लांब असला तरी पडते. मी ते दरवर्षी नववीच्या वर्गात शिकवतो. त्या दिवशी मात्र मला ते कुणाला समजावून सांगावंसं वाटलं नाही.

जावयांना खरचटलंसुद्धा नाही. उठले, पाणी प्यायले, हसले.

जूनमध्ये नांदेडची शाळा उघडली. पहिल्या दिवशी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक म्हणून ते बोलायला उभे राहिले आणि वाक्याच्या मध्ये थांबले. सगळी शाळा उन्हात उभी. धक्क्याने असं होतं, मेंदूची गोष्ट आहे, हे मी मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात त्यांचा डावा हात वर गेला आणि कानाच्या वर, कपाळाच्या कडेला, दोन बोटं हवेत काहीतरी धरून राहिली. जावयांना चष्मा नव्हता.

मग ते म्हणाले, "लिहून घ्या." आणि पाच प्रश्न सांगितले. गणिताचा माणूस, त्याने मराठीचे पाच प्रश्न एका दमात सांगितले. शेवटी म्हणाले, "हेच विचारीन. तरी येणार नाही." जुन्या पोरींपैकी एक रडायला लागली.

याचाही खुलासा आहे. ते पाच प्रश्न म्हणजे चौकशीच्या फायलीतला पुरावा. जावयांनी ती फाईल सरांविरुद्ध उभी करताना इतक्या वेळा वाचली असणार, की पाठ झाली असणार. वह्या काढून घ्यायला कुणी गेलं नाही, चौकशी समितीही बसली नाही. मुख्याध्यापकांनी पेपर फोडल्याचा आरोप कुणी केलाच नाही.

त्या आठवड्यात अप्पा माझ्या घरी आले. एरवी ते शिक्षकाला दुकानावर बोलवायचे. खाटेच्या कडेला बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भूगोलवाले सर, त्या जपानवाल्याचं शेवटी कसं मिटवलं म्हणले होते?"

मी सांगितलं. आरोप पुसला, हुद्दा दिला, देऊळ बांधलं.

"जावई घरातबी अर्धंच बोलतेत. जेवताना थांबतेत. पोरगी माझी ताट घेऊन बसती, ह्यांचं वाक्य काय पुरं व्हत न्हाई." त्यांनी टोपी फिरवली. "चला तुम्ही माझ्यासंगं. ताईंकडं जाऊ."

वहिनी ड्युटीवरून नुकत्याच आल्या होत्या. आम्हाला बसायला सांगितलं, त्या उभ्याच राहिल्या. अप्पांनी एकेक मांडलं. बदली रद्द करू. मुख्याध्यापकपद मरणोत्तर देऊ. लातूरला ती खुर्ची आहे, तिच्यावर छोटंसं मंदिर बांधू, संगमरवरी. अप्पांना वाटत होतं, की ते फार देत आहेत.

वहिनींनी पूर्ण ऐकून घेतलं.

"अप्पा, आमच्या सासऱ्यांनी देव नेऊन नदीत सोडले. आता तुम्ही माझा नवराच देव करून देता. त्याला मी कुठल्या नदीत सोडू? नदीला पाणी तरी हाय का?"



"चौकशीचं काय?" वहिनींनी विचारलं. "त्यांनी पेपर फोडला असं तुमच्या कागदात आहे. ते काढा. मला दुसरं काही नको. तुम्ही देवळापासून सुरू करून राहिले. त्यांनी सांगितलं होतं, आधी आरोप."

"आरोप काढला तर जावयाची नेमणूकच चुकीची ठरती, ताई."

"चुकीचीच होती ती."

 अप्पांपुढे दोन गोष्टी होत्या, जावयाची वाचा आणि जावयाची खुर्ची. आडतीच्या धंद्यातला माणूस, दोन्ही हातांत घेऊन तोलल्या असणार. उठताना म्हणाले, "मंदिर चांगलं बांधतो."

आणि बांधलं. बदली रद्द झाल्याचं पत्र निघालं, मरणोत्तर बढतीचं निघालं, त्यात रुजू होण्याची तारीख कोरी ठेवली होती. शाखेच्या आवारात रस्त्याच्या बाजूने घुमटी उभी राहिली. आत खुर्ची, तिला शेंदूर. हातांवर, पाठीवर, चारी पायांवर. आयुष्यभर कुणाच्या पाया न पडलेल्या आणि कुणाला पडू न दिलेल्या माणसाच्या खुर्चीचे पाय. पोरं हॉल तिकीट टेकवतात आणि मग खुर्चीच्या पाठीला कान लावतात. पाच प्रश्न ऐकू येतात म्हणे. ज्यांना ऐकू येतात ती पोरं सांगत नाहीत.

जावई बरे झाले नाहीत. निवृत्त होईपर्यंत मुख्याध्यापक राहिले आणि थांबत राहिले. पुढे पुढे शाळेला सवय झाली. अप्पा दोनेक वर्षांत गेले. वय झालं होतं, साखर होती. दुष्काळ मात्र त्याआधीच संपला, आणि तो देवळामुळे संपला असं त्यांना मरताना नक्की वाटत होतं.

वहिनी एकदाच लातूरला गेल्या. मी सोबत होतो. दवाखान्याची पिशवी खांद्यावर, त्या पोरांच्या रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर पुजाऱ्याने फूल पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. शेंदूर पुसता येईल का, असं विचारलं. पुजारी म्हणाला, देवाचं अंग आहे बाई, असं पुसता येत नसतं. त्या थोडा वेळ खुर्चीकडे बघत राहिल्या, मग बाहेर आल्या. एसटी अहमदपूरच्या पुढे आली.

"वास येतो," मग म्हणाल्या. "बकुळीचा."

वाळलेल्या बकुळीचा वास वर्षानुवर्षं टिकतो, वेताच्या विणीत एखादं फूल अडकलं असेल, असं मी म्हणालो. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्या खुर्चीला वेत कुठं आहे? लोखंडी आहे ती." मी पाहिलं होतं. मला ते आठवायला हवं होतं.

त्या दरवर्षी संस्थेला अर्ज करत राहिल्या. मागणी एकच, चौकशी पूर्ण करा आणि निकाल द्या. बरीच वर्षं उत्तर आलं नाही. मग संस्थेत नवी माणसं आली, शिकलेली, नियमाने चालणारी. त्यांनी अर्ज विचारात घेतला. वहिनींनी त्यात लिहिलं होतं, की ज्याला तुम्ही देव मानता तो तुमच्याच कागदात पेपरफोड्या आहे, यातलं एक काहीतरी खोडा.

उत्तर टाइप केलेलं आलं. वहिनींनी ते मला वाचायला दिलं. संबंधित कर्मचारी हयात नसल्याने चौकशी पुढे नेता येत नाही आणि बंदही करता येत नाही. तसेच आवारातील देवस्थान आणि संबंधित कर्मचारी यांचा परस्परांशी कोणताही संबंध नाही. त्या पत्रानंतर घुमटीवरची सरांच्या नावाची पाटी उतरवण्यात आली.

मला वाईट वाटलं. वहिनींनी पत्राची घडी घातली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "देवाकडून तेवढे सुटले. आता शाळेकडून राहिले." आणि पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा अर्ज केला.

लातूर आता परीक्षेचं मोठं गाव झालं आहे, आणि ती शाळा बोर्डाचं परीक्षाकेंद्र. केंद्राच्या शंभर मीटरच्या आत पेपर फुटू नये म्हणून बंदोबस्त असतो. परीक्षेच्या दिवसांत पोलीस सकाळी येऊन झेरॉक्सची दुकानं बंद करायला लावतात, आणि मग त्या देवळाला कुलूप घालतात.